गुडघाभर समुद्र

"आई, तुम्हाला बोट लागते का?"

पूर्वीने हा प्रश्न मोबाइलमधून डोकं वर न काढता विचारला. अंदमानच्या सहलीचं ठरत होतं. टूर कंपनीने पाठवलेल्या सूचनांमध्ये एक अशी होती, की एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना बोटीचा लांबचा प्रवास आहे, तरी कुणाला बोट लागत असल्यास आधी कळवावे. पूर्वी माहेरची सफाळ्याची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. तिच्या लेखी हा प्रश्न चहात साखर किती घालू, इतकाच नाजूक होता.

पण ओटीवरची बाकीची माणसं जागच्या जागी थांबली. पूर्वीचा नवरा मेहुल आधी मोठ्याने हसला. "अगं, नाखव्याची बायको आहे ती! तिला काय विचारतेस?" आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आपल्या आईला बोट लागते की नाही हे आपल्यालाही माहीत नाही. त्याने बापाकडे पाहिलं. वामन नाखवा भिंतीवरच्या पालीचा अभ्यास करत होता.

"काय ठाव," करंदी सोलता सोलता जमना म्हणाली. "कदी बसलीच नाय."

जमनाचा जन्म समुद्रापासून हाकेच्या अंतरावर झाला, लग्न करून ती त्याहून जवळ आली, आणि पुढे सगळं आयुष्य तिने बोईसरच्या बाजारात समुद्र विकला. तारापूरच्या अलीकडच्या त्या गावातून भल्या सकाळी टमटममध्ये पाट्या चढवायच्या, बाजारात आपल्या ठरलेल्या दगडावर बसायचं आणि कारखान्यांतल्या कामगारांना त्यांच्याच हिंदीत मासळी विकायची. ही हिंदी त्यांची आहे असं जमनाला वाटे आणि मराठी आहे असं त्यांना वाटे. "भैया, ये बोंबील सुबे तक पोहता था, उसकोच पूछो," असं ती सांगे आणि गिऱ्हाईक बोंबलाला न विचारता घेऊन जाई. पापलेट कुठल्या पाण्यात मिळतं, घोळ कधी वर येते, वाऱ्याने दिशा बदलली की कोळंबी कुठे जाते, हे सगळं ती अशा थाटात सांगायची, की जणू काल रात्री तीच जाळं टाकून आली.

प्रत्यक्षात तिच्या वाट्याचा समुद्र गुडघ्यापर्यंतचा होता. होडी निघाली की कासोटा खोचून पाण्यात शिरायचं, पाण्याची कळशी आणि भाकऱ्यांचं गाठोडं वर द्यायचं. होडी आली की तेवढ्याच पाण्यात उभं राहून पाट्या खाली घ्यायच्या. पाणी गुडघ्याच्या वर आलं की तिथून पुढचा समुद्र पुरुषांचा. ही हद्द कुणी आखलेली नव्हती, त्यामुळे ती कुणाला पुसताही येत नव्हती.

गावातल्या दुसऱ्या होड्यांवर निदान नारळी पुनवेला बायका चढत. नव्या साड्या नेसून, पताका लावलेल्या होडीत बसून खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येत आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगत. वामनच्या घराण्यात तेही नव्हतं. त्यांच्या होडीवर बाईचा पाय पडायचा नाही, असा वामनच्या आजोबांपासूनचा नेम. कारण काय, ते आजोबा सांगायचे विसरले आणि बाकीचे विचारायचे. होडीचं नाव मात्र 'सुगंधा'. सुगंधा ही वामनची आजी. तिच्या नावाने तीन पिढ्यांनी दर्या पालथा घातला. खुद्द सुगंधाआजी होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, कुंकवाने माखून वाळूतूनच मागे फिरायची.

लग्नानंतरच्या पहिल्याच नारळी पुनवेला जमना सासूच्या शेजारी वाळूत उभी होती. आळीतल्या आनंदीची होडी समोरून गेली आणि आनंदीने, जमनाच्या बरोबरीची म्हणून, होडीतून हात केला. जमनाने हळूच विचारलं, "सासूबाय, आतून कसा दिसत असंल हो दर्या?"

सासूचं नाव रखमा. तिने थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं. "खारट," ती म्हणाली. विषय संपला.

तो वामनने पुन्हा सुरू केला. त्या काळात तो बोलका होता. परत आला, जेवला, की बाजेवर आडवा होऊन सांगायचा. किनारा आधी काठीएवढा होतो, मग दोरीएवढा, मग तोही नाही. काळोख्या रात्री जाळं ओढलं की पाण्यात ठिणग्या उडतात. एका जागी पाण्याचा रंग असा बदलतो, की कुणी मधोमध शिवण घातली आहे. जमना ऐकत पडायची आणि दुसऱ्या दिवशी बाजारात त्यातलं थोडं थोडं बोंबलांबरोबर बांधून द्यायची. मग मेहुल झाला, होडीला इंजिन बसलं आणि गोष्टी आटल्या. दिवसभर इंजिनाचा आवाज ऐकलेला माणूस घरी बोलत नाही, असं वामनचं म्हणणं. जमनाचं म्हणणं असं, की इंजिन होडीला बसवलं होतं, घराला नाही.

मेहुल शिकला आणि बोईसरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागला. वामनच्या खांद्याने जाळं ओढायला नकार दिला. तेव्हा 'सुगंधा' पुतण्याकडे, अंकुशकडे गेली. त्याला आता काही वर्षं झाली. अंकुशने तिला निळा रंग दिला आणि पडद्यावर रस्ता दाखवणारं यंत्र बसवलं. तेव्हापासून वामनने खुर्ची फिरवून घेतली. आधी तो परसदारी, समुद्राकडे तोंड करून बसायचा; आता पुढच्या ओटीवर, रस्त्याकडे तोंड करून बसतो. विचारलं तर म्हणतो, तिकडून वारा लागतो. वारा लागतो म्हणून समुद्राकडे पाठ फिरवणारा तो किनाऱ्यावरचा पहिलाच नाखवा असावा.

अशा माणसाला अंदमानला नेण्याची कल्पना पूर्वीची. ती शिकवायची त्या शाळेतल्या एक बाई जाऊन आल्या होत्या. त्यांनी काढलेले फोटो तिने सासऱ्याला दाखवले. निळंशार पाणी, तळ दिसणारं. वामनने मोबाइल लांब धरून पाहिला.

"एवढं सोच्छ पानी? मासा काय खाईल त्यात?"

"बाबा, मासे पकडायला नाही जायचं. बघायला जायचं."

"जन्मभर पान्यात गेलो. आता पानी बगायला इमानानं जाऊ? आनि दुसऱ्याच्या होडीत उतारू म्हनून बसू? तुमी जा."

एवढं बोलून त्याने कान मात्र बंद केले नाहीत. टूर कंपनीतल्या मुलीचा फोन आला आणि पूर्वीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला, तेव्हा तारखा ऐकून वामन खुर्चीतून म्हणाला, "पुनव येते मदी. उधान असंल. भांगात जा म्हनावं."

अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला जोर असतो, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तो भांग. डोलीची, म्हणजे खुंटांना बांधून प्रवाहात सोडायची, जाळी टाकणाऱ्यांचे कामाचे आणि आरामाचे दिवस त्यावरच ठरतात. वामनच्या घरात लग्न, बारसं, डॉक्टर, सगळं भांगात होई. मेहुलचा जन्म तेवढा उधाणात झाला, त्याबद्दल जमनाला बरीच वर्षं ऐकून घ्यावं लागलं होतं. पूर्वीने सासऱ्याचा निरोप पुढे दिला.

"सर, आमची फेरी रोज असते," पलीकडची मुलगी म्हणाली.

"रोज?" वामन खुर्चीतून उठला. "आवसेला पन?"

"सर, अमावास्येचं काही नसतं. एसी बोट आहे."

वामन परत बसला. समुद्राबद्दल आपलं मत कुणाला लागत नाही, हे त्याला अंकुशच्या यंत्राने एकदा सांगून झालं होतं. आता ते वातानुकूलित आवाजात सांगितलं गेलं.

आता प्रश्न जमनाचा उरला. पूर्वीने गुरुवारपर्यंत कळवायचं कबूल केलं होतं. ती व्यवहारी मुलगी. तिने तीन दिवसांत दोन मार्ग काढले. एक म्हणजे आईंना बोट लागत असेल तर त्यांना मोठ्या बेटावरच हॉटेलात ठेवायचं आणि बाकीच्यांनी लहान बेटं बघून यायची. दुसरा म्हणजे बेटंच रद्द, सरळ महाबळेश्वर.

"तिकडं काय हाय?" जमनाने विचारलं.

"स्ट्रॉबेरी."

जमना उठली, पदर खोचला आणि अंकुशकडे गेली. वलांडीवर, म्हणजे बांबूंना दोऱ्या ताणून केलेल्या वाळवणावर, त्याची बायको बोंबील अडकवत होती. अंकुश खाली बसून जाळं सांधत होता.

"अंकुश, मला होडीत बसायचं हाय. लागते का नाय बगायचं."

अंकुशची सुई थांबली. "काकी, होडी माजी. पन नेम काकांचा. तुमी त्यांना इचारा. ते हो म्हनाले तर मी गादी टाकून नेतो."

"गादी नको. मी काय नवरी हाय?"

"नाय कशी? पयल्यांदाच बसनार," अंकुशची बायको वलांडीआडून म्हणाली.

जमना घरी आली. वामन रस्त्याकडे पाहत बसला होता. ती त्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली.

"मला 'सुगंधा'त बसायचं हाय."

"खुळी का काय? आपल्या होडीवर बाय चढत नाय."

"आपली कुटं? अंकुशची हाय."

"अंकुश कोनाचा हाय?"

"आनि अंदमानच्या होडीवर बाय चढलेली चालते?"

"ती होडी हाय का? ती पान्यावरची बस हाय."

"बरं," जमना म्हणाली. "मंग मी जन्मात पयल्यांदा दर्यावर जानार ती बसमधनं. कोनीतरी तिकीट फाडनार, कोनीतरी परका चालवनार. तिकडं कोनी इचारलं, मावशी, मालक काय करतात, तर सांगंन, नाखवा हायत. पन दर्या मला यांनी दाखवला." आणि तिने कुठल्यातरी काल्पनिक तिकीट फाडणाऱ्याकडे बोट दाखवलं.

वामनने मान वळवून पाहिली. ती वळवायला दुसरीकडे जागा नव्हती. एका बाजूला जमना, दुसऱ्या बाजूला भिंत. रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, ती त्याला दिसली नाही.

"बुदवारी अष्टमी हाय," तो अखेर म्हणाला. "भांग. अंकुशला सांग, टाकी भरून ठेव म्हनावं. आनि ते यंत्र बंद ठेवायचं."

गावात बातमी पसरायला 'सुगंधा'च्या वेगाची गरज नव्हती. बुधवारी सकाळी वाळूत जेवढ्या बायका बोंबील वाळत घालत होत्या, त्यातल्या निम्म्यांकडे त्या दिवशी बोंबील नव्हते. जमना पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत आली आणि सवयीने थांबली. तिच्या हातात द्यायला काही नव्हतं, घ्यायलाही नव्हतं. वरून वामनने चांगल्या खांद्याचा हात खाली केला.

"कुटं पाय ठिवू?"

"ठिव कुटंपन. आता काय राहिलंय?"

ती चढली. चढली म्हणण्यापेक्षा अंकुशने खालून रेटली आणि वामनने वरून ओढली, साधारण मोठी घोळ मासळी घेतात तशी. वाळूतून टाळ्या वाजल्या. आनंदी ओरडली, "जमने, येताना दोन पापलेटं आन गो! स्वताच्या हातानं!"

"तुज्या नवऱ्यानं कदी आनली का?" जमना वरून ओरडली. होडीत चढल्यावर माणसाचा आवाज मोठा होतो, हे तिला तेव्हाच कळलं.

वामनने अंकुशला बाजूला सारून सुकाणू हातात घेतलं. खाडीचं तोंड मागे पडलं. पाणी मंद होतं, नाखव्यांच्या भाषेत ताटातल्या आमटीसारखं. जमना नाळेपाशी ताठ बसली होती. आधी तिला सगळं गमतीचं वाटलं. मग पाणी हळूच वर आलं आणि तिचं पोट त्याच्याबरोबर वर गेलं. पाणी खाली आलं, पोट आलं नाही.

तिला बोट लागली. संकोच न ठेवता, पिढ्यांची बाकी एकदम चुकती करावी तशी लागली. ती काठावर ओणवी झाली, अंकुशने इंजिन बंद केलं आणि वामन सुकाणू सोडून तिच्यापाशी येऊन बसला. एका हाताने तिचं कपाळ धरलं, दुसऱ्याने पाठ.

"अगं बाय गं," जमना म्हणाली. "नाखव्याची बायको म्हनं मी. वाळूतल्या बायकांना सांगू नको रं, अंकुश."

"नाय सांगत, काकी." त्याच्या चेहऱ्यावरून तो सांगणार हे उघड होतं.

वामनने कळशीतलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. मग अंकुशला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, "मला पन लागायची."

"काय?"

"होडी. पयलं वरीसभर. रोज. बाबा बोलायचा, आत ओक, भायेर ओक, पन जाळं सोडू नको. लिंबू चोखत जायाचो. लग्नाच्या वक्तापन पुरती गेली नवती."

जमनाने तोंड पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाच्या वेळी! म्हणजे बाजेवर पडून पाण्यातल्या ठिणग्या आणि समुद्राची शिवण सांगणारा तो गडी, अधूनमधून तोंड वळवून ओकून आला होता. रोज ती भाकऱ्यांच्या गाठोड्यात लिंबं बांधायची. मालकांना आंबट आवडतं, अशी तिची समजूत होती.

"आनि मला आज सांगता?"

"आज बसलीस," वामन म्हणाला. "वाळूत सांगन्यासारकं नवतं ते."

होडी नुसती डुलत राहिली. जमनाचं पोट थोडं निवळलं तेव्हा तिने पहिल्यांदा मागे वळून किनारा पाहिला. तो खरंच काठीएवढा झाला होता. माडांचा एक पट्टा, त्याखाली वाळूचा एक पट्टा आणि एका टोकाला अणुशक्ती केंद्राचे घुमट, उपड्या घातलेल्या टोपांसारखे. वाळूच्या पट्ट्यावर रंगीत ठिपके उभे होते. ते कोण, हे काही केल्या कळेना. त्यात आनंदी असणार, अंकुशची बायको असणार. ज्या बायकांना ती पाठमोऱ्या ओळखायची, त्या इथून मिरच्या वाळत घातल्यासारख्या दिसत होत्या.

"मी उबी असायची तिकडं," ती म्हणाली. "तुमी यायच्या वक्ताला. मुद्दाम पिवळं नेसायची, लांबून ओळकू यावं म्हनून. दिसायची का तुमाला?"

हा प्रश्न बाजेवर विचारला असता तर वामनने दिसायचीस म्हणून सांगून टाकलं असतं. होडीत त्याला खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाय," तो म्हणाला. "सगळ्याच पिवळं नेसायच्या."

जमनाने स्वतःच्या पदराकडे पाहिलं.

"कोन हाय ते कळायचं नाय," वामन म्हणाला. "कोनीतरी उबं हाय एवडं कळायचं. तेवड्यावर यायाचो. सगळ्यांचं तसंच. कोनी कोनाची बायको बगून येत नाय, मानसं उबी हायत ते बगून येतं. मग जवळ आलं की आपआपली निवडायची." आणि थोडं थांबून, "आता त्या अंदमानात किनाऱ्यावर कोन उबं असंल ते मला ठाव नाय. म्हनून मी जात नाय."

जमनाने त्या ठिपक्यांकडे पुन्हा पाहिलं. इतकी वर्षं ती तिथे उभी राहिली ती 'सुगंधा'साठी, असं तिला वाटत होतं. आता पाहिलं तर ती सगळ्याच होड्यांसाठी उभी होती आणि आनंदी वामनसाठीसुद्धा. सासूने खारट म्हटलं होतं ते चूक नव्हतं, फक्त अपुरं होतं. डोळे तिने पदराने पुसले. वामनला वाटलं, पुन्हा उलटी होते आहे, म्हणून त्याने घाईने तिचं कपाळ धरलं. तिने धरू दिलं.

"हे असं कोनाला तरी अंदमानात धरावं लागंल," ती म्हणाली. "पूर्वी शिकलेली हाय, तिला नाय जमायचं. मेहुल तर नुसता हसंल."

वामनने अंकुशला इंजिन चालू करायला सांगितलं, सुकाणू हातात घेतलं आणि नाळ किनाऱ्याकडे वळवली. अर्ध्या वाटेत त्याने विचारलं, "त्या एसी बोटीत उतारूला उटून दुसऱ्याजवळ जाऊ देतात का, का बांदून ठिवतात?"

"इमानात बांदतात. बोटीत नाय बांदत."

"मंग ठीक हाय."

संध्याकाळी शाळा सुटल्या सुटल्या पूर्वीचा फोन आला. ओटीवरची खुर्ची रिकामी होती. वामन अंकुशकडे गेला होता. इंजिनाचा आवाज बरोबर नाही, एवढं सांगून तो जेवणानंतर लगेच निघाला होता आणि अजून आला नव्हता. म्हणजे इंजिन बरंच बिघडलं असणार.

"काय झालं, आई? लागते का बोट?"

"लागते," जमना म्हणाली. "बेस लागते."

"अरेरे. मग महाबळेश्वर करायचं ना?"

"नको. अंदमानच कर. सगळी बेटं. आनि मला हाटेलात ठिवायचं नाय."

"पण दोन तास आहे हो बोट! त्रास होईल तुम्हाला."

"होईल. वरीसभर झाला की जातो म्हनतात."

पूर्वी गोंधळली. तरी व्यवहारी असल्यामुळे तिने पुढचा मुद्दा घेतला. "बरं, मी उलटीच्या गोळ्या घेऊन ठेवते. आणि बाबांचं काय? तीन तिकिटं सांगू ना?"

"चार सांग."

"बाबा येतायत? कबूल झाले?"

"इचारलं नाय मी," जमना म्हणाली. "पन सांग चार. आनि गोळ्या दोगांच्या घे. दुसऱ्या कोनासाठी, ते घरात बोलू नको. लिंबं मी इकडनं आनते."